स्क्रीन मधेच काळी होते, चित्र येतं पण आवाज नाही: नवी केबल आणायच्या आधी काय काय तपासायचं

टीव्ही किंवा मॉनिटर व्यवस्थित चाललेला असतो आणि मधेच स्क्रीन काळी होते, दोन-तीन सेकंद काहीच नाही, मग आपोआप चित्र परत येतं. किंवा चित्र आहे पण आवाज नाही, काल होता आज नाही. किंवा सरळ "नो सिग्नल". अशा वेळी बहुतेक जण केबल काढून परत लावतात, ती थोडा वेळ चालते म्हणून विषय संपला असं वाटतं, मग परत तेच सुरू झालं की महागातली नवी केबल येते आणि कित्येकदा त्या केबलवरही तोच त्रास. कारण बिघाड नेमका कुठे आहे हे कुणी बघितलेलंच नसतं.

मूळ घोळ असा आहे की टोक सॉकेटमध्ये नीट बसलं म्हणजे त्यातून हवा तो सिग्नल जाणारच असं आपण धरून चालतो. एचडीएमआयचं नेहमीचं टोक २००२ साली पहिलं स्पेसिफिकेशन आलं तेव्हापासून तसंच आहे, १९ पिनांचं, पण पहिल्या व्हर्जनमध्ये त्यातून सेकंदाला साधारण ५ गिगाबिट जायचे आणि २०१७ च्या २.१ मध्ये ४८ जातात. टोक तेच, काम जवळजवळ दहापट. टाइप सी चं तर त्याहून अवघड, त्याचं पुढे लिहितो.

चित्र जाऊन परत येतं तेव्हा

आधी एक गोष्ट नीट बघा. स्क्रीन काळी होते तेव्हा कॉम्प्युटरला ते कळतं का? म्हणजे डिव्हाइस काढल्याचा तो टुंग आवाज येतो का, दोन मॉनिटर असतील तर उघड्या विंडो पळून दुसऱ्या मॉनिटरवर जातात का? तसं होत असेल तर बहुतेक वेळा "समोर स्क्रीन लावलेली आहे" हे सांगणारी लाइन तुटतेय. एचडीएमआयमध्ये ही १९ नंबरची पिन असते, हॉट प्लग म्हणतात तिला. टोक सैल असणं, केबल स्वतःच्या वजनाने खाली ओढली जाणं, सॉकेट ढिलं होणं ही त्याची नेहमीची कारणं. भिंतीवरच्या टीव्हीमागे केबल एकदम काटकोनात दाबली जाते तिथे हे फार होतं. केबल हाताने थोडा आधार देऊन धरा, दुसऱ्या पोर्टमध्ये लावून बघा. दुसऱ्या पोर्टमध्ये त्रास थांबला तर केबलला दोष देऊ नका. डिस्प्लेपोर्टवाल्यांनी (एचडीएमआयसारखीच कॉम्प्युटर-मॉनिटरची दुसरी जोडणी) एवढं लक्षात ठेवा की काही मॉनिटर बंद केले किंवा झोपले की स्वतःच ही लाइन सोडून देतात, त्यामुळे मॉनिटर चालू केल्यावर विंडो विस्कटलेल्या दिसल्या तर तो केबलचा बिघाड नाही, मॉनिटरच्या मेनूत डीप स्लीपसारखा पर्याय असेल तर तो बंद करा.

आणि विंडो जागच्या जागी, टुंग आवाज नाही, फक्त चित्र जातं आणि येतं, किंवा काळं व्हायच्या आधी स्क्रीनवर पांढरे-रंगीत ठिपके चमकतात, असं असेल तर डेटा पुरता पोचत नाहीये अशी शंका घ्या. यासाठी सगळ्यात कामाची चाचणी फुकटची आहे: रिझोल्यूशन किंवा रिफ्रेश रेट (सेकंदाला किती वेळा चित्र नव्याने येतं तो आकडा) खाली आणा. ४के ६० हर्ट्झवर असाल तर ४के ३० करा, १४४ हर्ट्झवर असाल तर ६० करा, आणि त्रास ज्या वेळात होतो तेवढा वेळ वाट बघा. बंद झाला तर कारण सापडलं, केबल किंवा मधला कुठला तरी तुकडा एवढा वेग पेलत नाहीये. बंद नाही झाला तर केबलवर पैसे घालू नका, गडबड दुसरीकडे आहे.

ही चाचणी का चालते ते आकड्यांत बघा. १०८०पी ६० हर्ट्झला एचडीएमआयवर सेकंदाला साधारण साडेचार गिगाबिट लागतात, ४के ३० ला जवळजवळ ९, आणि ४के ६० ला साध्या ८ बिट रंगात जवळजवळ १८. म्हणजे एचडीएमआय २.० ची सगळी जागा, १८ गिगाबिटची, ४के ६० ने आधीच भरली. आता वर एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त मोठा पल्ला दाखवणारं चित्र) चालू केलं, १० बिट रंग मागितले आणि रंगाची माहिती पूर्ण ४:४:४ ठेवली की ते २२ च्या वर जातं आणि त्या लाइनमध्ये मावतच नाही. म्हणून रंगाची माहिती कमी करून, म्हणजे ४:२:२ किंवा ४:२:० करून पाठवतात. "एरवी ठीक चालतं पण एचडीआरचा पिक्चर लावला की स्क्रीन काळी होते" ही तक्रार इतकी सर्रास दिसते ती यामुळेच, केबल १० गिगाबिटवाली असते, रोजचं १०८०पी आरामात चालवते आणि १८ मागितले की हात टेकते. जुनी केबल कालपर्यंत चालत होती मग आज का नाही, याचंही उत्तर बहुतेक वेळा हेच असतं. केबल बिघडलेली नसते, टीव्ही किंवा बॉक्स नवा आलेला असतो.

केबल घेताना पाकिटावर मोठ्ठं "२.०" "२.१" लिहिलेलं असतं ते बघून घेऊ नका. ते व्हर्जन यंत्रांचं असतं, केबलचं नाही. केबलचे प्रकार वेगळ्या नावांनी ठरलेत: हाय स्पीड म्हणजे १० गिगाबिटच्या आसपास, प्रीमियम हाय स्पीड म्हणजे १८, अल्ट्रा हाय स्पीड म्हणजे ४८. शेवटच्या दोन प्रकारांच्या प्रमाणित केबलवर स्कॅन करायचं लेबल असतं, ते मोबाइलवर तपासता येतं, दोन मिनिटं घालवा आणि तपासा. सोन्याचा मुलामा, जाड कापडी वेणी, यांनी चित्र जास्त सुंदर होत नाही. डिजिटल सिग्नल एकतर बरोबर पोचतो नाहीतर ठिपके आणि काळी स्क्रीन, मधलं "थोडं फिकं थोडं धूसर" असं काही नसतं. रंग फिके वाटत असतील तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये जा, आरजीबी फुल आणि लिमिटेड (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचे आकडे मोजायच्या दोन पद्धती) हा गोंधळ बघा. पीसी एक पाठवतोय आणि टीव्ही दुसरं धरून बसलाय, मग काळा रंग राखाडी दिसतो किंवा अंधारातलं सगळं गिळलं जातं.

लांबीला मात्र खरंच किंमत आहे. साध्या तांब्याच्या केबलवर १८ गिगाबिट हवे असतील तर ४-५ मीटरच्या पुढे भरवसा कमी कमी होत जातो आणि ४८ साठी त्याहूनही अलीकडेच. जास्त लांब हवी असेल तर अ‍ॅक्टिव्ह (आत चिप असलेली) किंवा आतून फायबर असलेली केबल घ्या, पण ती एकाच दिशेने चालते, एका टोकावर सोर्स आणि दुसऱ्यावर डिस्प्ले किंवा टीव्ही लिहिलेलं असतं, उलटी लावली तर काहीच येत नाही. भिंतीतून किंवा छतातून ओढायची असेल तर ओढायच्या आधी जमिनीवर पसरून दोन्ही बाजूंनी लावून चालवून बघा, हे कळकळीने सांगतोय, भिंत बंद झाल्यावर उलटी निघालेली केबल फार रडवते. दोन छोट्या केबल जोडून एक लांब करणं, मधे कपलर, मग स्प्लिटर, मग स्विच, असली साखळीही टाळा, प्रत्येक सांध्यात सिग्नल थोडा थोडा मरतो. त्रास शोधताना मधलं सगळं काढून सोर्स ते स्क्रीन एकच छोटी केबल लावून बघा.

केबल चांगली, लांबी कमी, तरी ४के ६० मिळतच नाही? टीव्हीच्या मेनूत त्या त्या पोर्टचं सेटिंग असतं, कंपनीगणिक नाव वेगळं, एन्हान्स्ड फॉरमॅट, डीप कलर, इनपुट सिग्नल प्लस असं काहीतरी. ते पोर्टगणिक वेगळं असतं आणि कित्येक टीव्हींत सुरुवातीला बंदच असतं. शिवाय सगळे पोर्ट सारखे नसतात, ४के १२० फक्त एक-दोन पोर्टवर असणं हे अगदी नेहमीचं आहे. मॅन्युअलमधलं ते एक पान वाचा.

आणखी एक कारण आहे जे सांगितलं तर लोकांना खरं वाटत नाही. खुर्चीवरून उठताना किंवा बसताना स्क्रीन दोन सेकंद काळी होत असेल तर ती खुर्चीच असू शकते. गॅसच्या दांड्यावर वरखाली होणाऱ्या ऑफिस खुर्च्यांमधून स्थिर विजेचा झटका बसतो, त्याचे तरंग केबलमध्ये शिरतात आणि सिग्नल क्षणभर तुटतो. कोरड्या हवेत जास्त. मुद्दाम चार-पाच वेळा उठून बसून बघा, जमलं तर केबल बदलून नीट शील्ड असलेली आणि कमी लांबीची लावा.

नो सिग्नल, मुळातच काही येत नाही

इथे आधी इनपुट बरोबर निवडलाय का ते बघा, हसू नका, अर्ध्या वेळा तेच असतं. मग ओळख-परेडची भानगड. केबल लावल्यावर स्क्रीन सोर्सला सांगते की मी अमुक अमुक रिझोल्यूशन घेऊ शकते, त्या माहितीला ईडीआयडी म्हणतात, आणि कॉपीपासून संरक्षणासाठी एचडीसीपीची वेगळी बोलणी होतात. ही बोलणी फिसकटली की एकतर काळी स्क्रीन, नाहीतर बाकी सगळं दिसतं पण पैसे भरून बघायचा पिक्चर तेवढा चालत नाही. ४के चं संरक्षित काही बघायला एचडीसीपी २.२ लागतं आणि ते साखळीतल्या प्रत्येक यंत्राला लागतं, मधला एक जुना स्प्लिटर किंवा साउंडबार पुरतो सगळं अडवायला. उपाय म्हणजे टीव्ही, बॉक्स, मधलं जे असेल ते सगळं भिंतीतल्या प्लगपासून बंद करा, रिमोटने नाही, कारण स्टँडबायमध्ये जुनी बोलणी डोक्यात राहतात. एखादा मिनिट थांबा, मग आधी टीव्ही, मग मधलं, शेवटी बॉक्स किंवा कॉम्प्युटर चालू करा. विंडोजवर चित्र अडकलं असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबा, ग्राफिक्स ड्रायव्हर परत सुरू होतो, कॉम्प्युटर बंद करावा लागत नाही.

अ‍ॅडॅप्टर लावला असेल तर दिशा बघा. डिस्प्लेपोर्टच्या पोर्टवर दोन प्लस असलेली खूण असेल तर तिथून साध्या स्वस्त अ‍ॅडॅप्टरने एचडीएमआय निघतं, कारण पोर्ट स्वतःच एचडीएमआयचा सिग्नल देऊ शकतो. उलटं नाही होत! एचडीएमआयच्या लॅपटॉपवरून डिस्प्लेपोर्टच्या मॉनिटरवर जायचं असेल तर वेगळा कन्व्हर्टर लागतो, बहुतेक वेळा त्याला यूएसबीतून वीज द्यावी लागते. दोन्हीकडे योग्य टोकं असलेली साधी केबल आणली आणि चालत नाही, ही तक्रार आली की मी पहिलं हेच विचारतो. व्हीजीए तर अ‍ॅनालॉग, ते एचडीएमआयवर न्यायला आत चिप असलेला कन्व्हर्टर पाहिजे, नुसती वायर जोडून होत नाही.

डिस्प्लेपोर्टची एक विचित्र केस: कॉम्प्युटर बंद केल्यावरही त्याचे दिवे मंद जळत राहतात, किंवा मॉनिटरची केबल लावलेली असताना कॉम्प्युटर चालूच होत नाही आणि काढली की होतो. बोगस केबलमध्ये २० नंबरची पिन दोन्ही टोकांना आरपार जोडलेली असते. त्या पिनवर ३.३ व्होल्टची वीज असते, अ‍ॅडॅप्टरसाठी, नेहमीच्या केबलमधून ती पलीकडे जायचीच नसते. अशी केबल वापरत राहू नका, फेकून द्या.

टाइप सी. हे टोक २०१४ साली आलं आणि सगळ्यात जास्त गैरसमज आता याच्यावरच आहेत. लॅपटॉपचा किंवा मोबाइलचा टाइप सी पोर्ट चित्र देईलच असं नाही, त्यात डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड, म्हणजे टाइप सी मधून डिस्प्लेपोर्टचं चित्र पाठवायची सोय, असावी लागते, कित्येक यंत्रांत एका पोर्टमध्ये असते आणि शेजारच्या दिसायला तशाच पोर्टमध्ये नसते. आणि पोर्ट बरोबर असला तरी फोनच्या चार्जरसोबत आलेल्या केबलमध्ये बहुतेक वेळा फक्त चार्जिंग आणि यूएसबी २.० च्या तारा असतात, चित्र ज्या जोड्यांतून जातं त्या जोड्या आत घातलेल्याच नसतात. दिसायला तंतोतंत सारखी. म्हणून टाइप सी वर नो सिग्नल आलं की मॉनिटरसोबत आलेली केबल शोधा, तीच वापरा.

आवाजाचं

चित्र डिजिटल केबलवर आलं म्हणजे आवाज त्याच वाटेने जातोच असं नाही. कॉम्प्युटरवर आधी आउटपुट कुठलं निवडलंय ते बघा, टीव्ही जोडला की विंडोज स्वतःहून आवाज टीव्हीकडे वळवतं, आणि मॉनिटरला स्पीकर नसेल तर आवाज गेला कुठे हे कळत नाही. चित्र काळं होऊन परत आल्यावर आवाज दुसऱ्याच डिव्हाइसवर गेलेला असतो, हेही बघा. डीव्हीआय आणि व्हीजीए मधून आवाज जाईल असं धरू नका, व्हीजीएत तर तारच नाही त्याची, वेगळी ३.५ मिलिमीटर पिनेची (हेडफोनसारखी) वायर टाकावीच लागते.

साउंडबारचा आवाज येत नसेल तर केबल टीव्हीच्या ज्या एचडीएमआय पोर्टवर एआरसी किंवा ईएआरसी (टीव्हीचा आवाज त्याच केबलने साउंडबारकडे पाठवायची सोय) लिहिलंय त्यातच हवी, दुसऱ्यात लावून टीव्हीचा आवाज कधीच बाहेर येणार नाही. बहुतेक टीव्हींत एआरसी चालायला सीईसी (एचडीएमआयवरची यंत्रं एकमेकांना हुकूम देतात ती सोय) चालू लागतं, त्याला प्रत्येक कंपनीने स्वतःचं नाव दिलंय म्हणून मेनूत सापडत नाही. मग डिजिटल साउंड आउटपुटमध्ये पीसीएम (साधा, न दाबलेला आवाज), बिटस्ट्रीम, पासथ्रू (दाबलेला आवाज तसाच पुढे) असे पर्याय येतात. काहीच आवाज नसेल तर आधी पीसीएम करा. आवाज आला तर वायरिंग ठीक आहे, साउंडबारला तो फॉरमॅट कळत नव्हता एवढंच. हे मी केबल बदलण्याच्या कितीतरी आधी करायला सांगतो, कारण एकाच सेटिंगमध्ये अर्धा प्रश्न मिटतो.

ऑप्टिकल, म्हणजे तोशिबाने १९८३ मध्ये आणलेली टॉसलिंक, तिच्यातून दोन चॅनलचा साधा पीसीएम किंवा दाबलेला ५.१ जातो, अ‍ॅटमॉसवाला ट्रूएचडी (डॉल्बीचा जास्त जागा खाणारा फॉरमॅट) मावत नाही, त्यासाठी ईएआरसीच पाहिजे. टीव्हीकडचं टोक लावून दुसरं टोक कागदासमोर धरा, लाल ठिपका दिसला तर टीव्ही पाठवतोय. नाही दिसला तर टीव्हीच्या मेनूत ऑप्टिकल निवडलेलं नाही किंवा केबल कुठेतरी फार मुडपलीय. नव्या केबलच्या टोकावर प्लॅस्टिकची पारदर्शक टोपी असते, ती तशीच ठेवून घुसवू नका.

घूंऽऽ असा सतत आवाज येत असेल, आवाज बारीक केला तरी कमी होत नाही, तर तो ग्राउंड लूप. विजेच्या ५० किंवा ६० हर्ट्झचा आवाज. दोन यंत्रं वेगवेगळ्या सॉकेटमधून अर्थिंग घेतात आणि ऑडिओ केबलचं शील्ड त्या दोन अर्थिंगना जोडतं, त्यातून करंट फिरतो. ओळखायची खूण सोपी, लॅपटॉपचा चार्जर काढला की आवाज गायब. दोन्ही यंत्रं एकाच पट्टीवर लावा, नाही गेला तर ३.५ च्या वायरमध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर टाका, किंवा ऑप्टिकलवर जा, काच-प्लॅस्टिकमधून करंट जातच नाही. काही जण प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकायचा सल्ला देतात. आवाज जातो, पण यंत्रात वीज उतरली तर ती तुमच्या अंगातून जाईल. कृपा करून हे कुणी करू नका, दुसऱ्याला सांगूही नका.

जुनी यंत्रं असतील तर

पिवळा, पांढरा, लाल. पिवळ्यातून चित्र, पांढऱ्यातून डावा आवाज, लालमधून उजवा. चित्र आलं पण काळं-पांढरं आलं तर पिवळी पिन कॉम्पोनंटच्या (चित्र हिरवा-निळा-लाल अशा तीन टोकांतून नेणारी जोडणी) हिरव्या सॉकेटमध्ये गेलीय किंवा टीव्हीला वाटतंय की गेलीय. काही टीव्हींत हिरवं आणि पिवळं एकच सॉकेट असतं, तिथे मेनूत एव्ही निवडा. कॉम्पोनंटमध्येही लाल आहे आणि आवाजातही लाल आहे, दोन लाल आपसात बदलले की एकीकडे रंग बिघडतात आणि दुसरीकडे उजवा स्पीकर गप्प किंवा कर्कश बडबडतो. ३.५ च्या एका पिनेतून तीन आरसीए, म्हणजे हीच पिवळी-पांढरी-लाल टोकं, निघणारी केबल असेल तर आणखी जपून, चार कड्यांचा क्रम सगळ्या कंपन्यांनी सारखा ठेवलेला नाही. बाजारातली केबल लावून चित्र नाही आणि स्पीकरमधून भणभण आली तर लाल टोक टीव्हीच्या पिवळ्यात घालून बघा, पुष्कळदा चित्र तिथूनच येतं.

व्हीजीएत तीन रंग तीन वेगळ्या तारांतून जातात म्हणून तिथे रंगावरून तुटलेली तार कळते. सगळं पिवळसर दिसतंय, निळी तार गेली. जांभळट-गुलाबी, हिरवी. निळसर-हिरवट, लाल गेली. टोक काढून पिना बघा, वाकलेली असेल तर बारीक चिमट्याने हळू सरळ करा, पण ९ नंबरची पिन पुष्कळ केबलमध्ये मुळातच नसते, ती तुटली म्हणून घाबरू नका. आणि दोन्ही बाजूचे स्क्रू घट्ट करा, नाहीतर टेबल हललं की परत तेच. अक्षरांच्या उजवीकडे सावली दिसत असेल तर केबल फार लांब किंवा फार हलकी आहे.

राहिला हेडफोन. गाण्यात वाद्यं ऐकू येतात पण गाणाऱ्याचा आवाज दूर खोल गेल्यासारखा, आणि माइकचं बटण दाबून धरलं की एकदम नीट, असं होत असेल तर हेडफोन मेलेला नाही. चार कड्यांच्या पिनेत माइक आणि ग्राउंड यांची जागा दोन पद्धतींत उलटसुलट आहे, सीटीआयए आणि ओएमटीपी, आता जवळपास सगळीकडे पहिली पद्धत चालते पण जुन्या हेडसेटमध्ये दुसरी निघते. त्यासाठी छोटा अ‍ॅडॅप्टर मिळतो. आणि पिन पूर्ण आत गेली नसेल तरीही हुबेहूब असंच होतं, मोबाइलचं कव्हर जाड असेल तर आधी ते काढून पिन दाबून बघा, भोकात कापसाचं बोंडूक अडकलेलं असेल तर मोबाइल बंद करून लाकडी टूथपिकने हळूच काढा, धातूची सुई घालू नका.